ठिणगीमागचा माणूस : चार्ल्स केटरिंग

मेकॅनिकलच्या प्रत्येक पोराने एकदा तरी काढलेली एक आकृती आहे. डावीकडे बॅटरी, मग स्विच, मग कॉइल, खाली ब्रेकर पॉइंट आणि त्याला चिकटून कंडेन्सर, उजवीकडे डिस्ट्रिब्युटर आणि शेवटी चार प्लग. काढलेली म्हणजे काय, तर सबमिशनच्या आदल्या रात्री काचेखाली ट्यूबलाइट ठेवून दुसऱ्याच्या शीटवरून जीटी मारलेली! वायव्हाला सरांनी कंडेन्सर कशासाठी असतो असं विचारलं की आपण सीलिंग फॅनकडे बघतो. ज्यांना येतं ते पुस्तकातली ओळ म्हणून दाखवतात आणि सुटतात.

या आकृतीला पुस्तकात बॅटरी इग्निशन सिस्टिम म्हणतात आणि तिचं दुसरं नाव आहे केटरिंग सिस्टिम. हा केटरिंग कोण, हे पेपरात येत नाही, त्यामुळे कोणी वाचतही नाही. मला तो भेटला शिरूर तालुक्यात, गोठ्याशेजारच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये.

माझ्या मामांचं गाव न्हावऱ्याजवळ, शिरूरहून चौफुल्याला जाणाऱ्या रस्त्याच्या थोडं आत. त्यांच्याकडे एक जुनी पेट्रोल जीप आहे. कधीकाळी ती याच रस्त्यावर वडाप करायची. बाजाराच्या दिवशी आत किती आणि मागे लोंबकळत किती, याचा हिशेब कोणी ठेवत नसे. पुढे डिझेल गाड्या आल्या, पेट्रोल परवडेना आणि जीप शेडमध्ये गेली. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मामांनी ती बाहेर काढायचं ठरवलं. ट्रॅक्टरची बॅटरी लावून सेल्फ मारला. इंजिन फिरलं, पण पकडेना. हँडल मारून झालं, चार पोरांनी धक्का मारून झाला. गाडी ढिम्म! प्रत्येकाकडे एकेक सल्ला होता. कोणी कार्बोरेटर उतरवा म्हणे, कोणी नवी कॉइल आणा म्हणे. पॉइंटच्या गाड्या समजणारे मिस्त्री आता कमी राहिलेत. शेवटी दौंडहून एक म्हातारे मिस्त्री आले.

मिस्त्रींनी आधी सगळ्यांना बाजूला केलं. पिशवीतून दोन वायरी जोडलेला एक छोटा बल्ब काढला, आणि बॅटरीपासून सुरुवात करून करंट कुठपर्यंत येतोय एवढंच बघत पुढे सरकत गेले. मी शेजारी उभा होतो. त्यांची क्रमवारी म्हणजे हुबेहूब आपली जीटी मारलेली आकृती होती. ती आकृती अशी डोळ्यांसमोर चालताना पाहिल्यावर होस्टेलला परत येऊन लायब्ररीत केटरिंगवर मिळेल ते वाचून काढलं. हा लेख त्याच्यावर आहे. जीप मध्ये मध्ये येईल, तेवढं चालवून घ्या.

चार्ल्स केटरिंगचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ चा. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात लाउडनव्हिल नावाचं लहान गाव आहे, त्याच्या जवळच्या शेतावर तो जन्मला. पाच भावंडांत चौथा. पोरगा हुशार, पण डोळे अधू. वाचायला बसलं की डोकं दुखायला लागायचं. शाळा संपल्यावर काही काळ त्याने मास्तरकी केली, मग इंजिनिअरिंग शिकायला ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत गेला. तिथे डोळ्यांनी दगा दिला आणि शिक्षण अर्धवट सोडून परत यावं लागलं.

आता काय करायचं? तो टेलिफोनच्या लाइनवर कामाला लागला. खड्डे खणायचे, खांब रोवायचे, तारा ओढायच्या. हळूहळू तो त्या टोळीचा मुकादम झाला. मला वाटतं, केटरिंगमधला इंजिनिअर कॉलेजपेक्षा या खांबांवर जास्त घडला. टेलिफोनच्या लाइनमनचं रोजचं काम काय? तार कुठे तुटली ते शोधणं. या खांबापर्यंत आवाज येतोय का, पुढच्या खांबापर्यंत येतोय का, असं बघत जायचं. जिथे यायचा थांबला तिथे दोष. मिस्त्रींचा बल्ब आणि ही पद्धत यांत काडीचा फरक नाही.

डोळ्यांना थोडा आराम पडल्यावर केटरिंग पुन्हा कॉलेजात दाखल झाला. रूममेट त्याला पुस्तकं वाचून दाखवायचे आणि तो ऐकून लक्षात ठेवायचा. १९०४ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची डिग्री हातात पडली तेव्हा त्याला अठ्ठाविसावं वर्ष चालू होतं. वायडी लागली म्हणून मेस सोडून खोलीत पडून राहणाऱ्या आपल्या दोस्तांनी हा आकडा लक्षात ठेवायला हरकत नाही. आणि रूममेटला वाचून दाखवणाऱ्यांनीही!

पहिली नोकरी मिळाली डेटन शहरातल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत. दुकानाच्या गल्ल्यावरचं हिशेबाचं यंत्र तेव्हा हाताने दांडा फिरवून चालायचं. त्याला मोटर बसवायचं काम केटरिंगकडे आलं. अडचण अशी की एवढा जोर देणारी मोटर आकाराने मोठी होणार, ती गल्ल्यात मावणार कशी? केटरिंगने पाहिलं की ही मोटर दिवसभर चालायचीच नाही. क्षणभर जोर, मग विश्रांती. छोट्या मोटरवर क्षणभर रेटिंगच्या कितीतरी पट लोड टाकला, तरी ती तापून जळायच्या आत काम संपलेलं असतं. १९०६ च्या सुमारास विजेवर चालणारं कॅश रजिस्टर तयार झालं. ही युक्ती त्याने पुढे दुसऱ्या ठिकाणी वापरली, ते सांगतोच.

याच कंपनीत एडवर्ड डीड्स नावाचा एक मोठा अधिकारी होता. त्याला गाड्यांचं वेड. घरामागच्या कोठारात तो स्वतःची मोटारगाडी जोडत बसायचा. केटरिंगही रात्री आणि सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊ लागला. कंपनीतले आणखी काही जण यायला लागले. पुढे या मंडळींना बार्न गँग, म्हणजे कोठारातली टोळी, असं नाव पडलं. दिवसा नोकरी आणि रात्री कोठार. आपल्या फायनल इयरच्या प्रोजेक्टसारखंच म्हणा ना, फक्त हे विकत घेतलेलं नव्हतं!

तेव्हाच्या गाड्यांचं इग्निशन बेभरवशाचं होतं. एक पद्धत मॅग्नेटोची. जर्मनीत रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात १९०२ मध्ये हाय टेन्शन मॅग्नेटो तयार झाला होता. वस्तू चांगली, पण महाग, आणि हँडलने इंजिन हळू फिरत असताना ठिणगी कमजोर. दुसरी पद्धत ड्राय सेल आणि थरथरणाऱ्या कॉइलची. तिच्यात एका ठिणगीऐवजी ठिणग्यांचा पाऊसच पडायचा आणि सेल झपाट्याने संपायचे. केटरिंगचा मुद्दा साधा होता. सिलिंडर पेटवायला एक ठिणगी पुरते. मग एकच द्यावी, पण ती नेमक्या वेळी आणि जोरदार द्यावी.

हे कसं केलं? बॅटरी सहा किंवा बारा व्होल्टची असते, आणि प्लगच्या फटीत ठिणगी पडायला पंधरा-वीस हजार व्होल्ट लागतात. कॉइलमध्ये जाड तारेचे दोन-तीनशे वेढे आणि बारीक तारेचे वीस हजारांच्या आसपास वेढे असतात. पॉइंट मिटलेले असताना जाड तारेतून करंट वाहतो आणि लोखंडी गाभ्यात चुंबकीय क्षेत्र तयार होतं. कॅम फिरतो, पॉइंट उघडतात, करंट तुटतो, क्षेत्र एकदम कोसळतं आणि बारीक तारेत प्रचंड व्होल्टेज उभं राहतं. लक्षात घ्या, ठिणगी पडते ती पॉइंट उघडताना. आणि इथेच कंडेन्सर येतो. पॉइंट उघडू लागले तरी करंटला एकदम थांबता येत नाही, तो त्या फटीतून उडी मारायला बघतो. त्याने उडी मारली तर पॉइंट जळतात, क्षेत्र सावकाश कोसळतं आणि प्लगची ठिणगी मवाळ होते. कंडेन्सर त्या क्षणापुरती करंटला बसायला जागा देतो, म्हणजे तोड स्वच्छ होते. वायव्हाला एवढं सांगितलं तरी सर खूश!

चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्या फिरत असेल, तर मिनिटाला सहा हजार, म्हणजे सेकंदाला शंभर ठिणग्या लागतात. त्या सगळ्यांचा हिशेब पॉइंटच्या अर्ध्या मिलिमीटरच्या फटीवर चालतो. शेडमध्ये नेमकं तेच दिसलं. मिस्त्रींनी आधी बॅटरीची टर्मिनल घासली, अर्थची वायर घट्ट केली. कॉइलच्या आत जाणाऱ्या टोकाला बल्ब लावला, पेटला. म्हणजे स्विचपर्यंत सगळं ठीक. मग डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टोकाला एक वायर आणि बॉडीला दुसरी, आणि मला हळूहळू हँडल फिरवायला सांगितलं. पॉइंट नीट काम करत असतील तर इथे बल्ब लागला-विझला पाहिजे. आमचा बल्ब सतत लागलेलाच. याचा अर्थ कॉइलमधून करंट येतोय, पण पॉइंटमधून अर्थ होत नाही. कॅप काढली. पॉइंट मिटत होते, पण वर्षानुवर्षं उभं राहून त्यांवर राखेसारखा थर चढला होता. पॉलिश पेपरने घासले, पेट्रोलने पुसले, फिलर गेज लावून फट वीस थाउ, म्हणजे अर्धा मिलिमीटर केली. बल्ब उघडझाप करू लागला.

पण काम संपलं नव्हतं. कॅपच्या मधली जाड वायर काढून इन्सुलेशनच्या पकडीने ब्लॉकपासून पाच-सहा मिलिमीटर लांब धरली आणि सेल्फ मारला. ठिणगी पडली, पण पिवळट आणि बारीक. मिस्त्रींनी डब्यातून जुना पण चांगला कंडेन्सर काढून बसवला. आता ठिणगी निळी, आणि तिचा चटचट आवाज दूरपर्यंत ऐकू येईल अशी. शेवटी आमच्या धक्काबुक्कीत पेट्रोलने ओले झालेले प्लग काढून वाळवले, तीस थाउची फट बघून परत बसवले आणि टाकीतलं कुबट पेट्रोल बदललं. दुसऱ्या सेल्फला गाडी चालू! एकही नवीन पार्ट लागला नाही. गंमत म्हणजे गाडी चालू झाल्यावर पोरांनी टाळ्या वाजवल्या, पण मिस्त्री अर्धा तास हलले नाहीत. नळ्या गळतात का, धूर कसला येतोय, इंजिन गरम झाल्यावर बंद करून पुन्हा चालू होतंय का, हे सगळं बघूनच त्यांनी हात धुतले.

असो. पुन्हा डेटनला जाऊ. १९०९ मध्ये कॅडिलॅकच्या हेन्री लेलँडला केटरिंगचं इग्निशन पसंत पडलं आणि त्याने हजारो सेटची ऑर्डर दिली. कोठारातल्या टोळीकडे तेव्हा कारखाना नव्हता. घाईघाईने कंपनी काढली, डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी. आद्याक्षरं जोडून झालं डेल्को. पुढची साठेक वर्षं बहुतेक पेट्रोल गाड्यांत मूळ रचना हीच राहिली. दुसऱ्या महायुद्धातली विलिस जीप असो, तिच्याच वंशातल्या महिंद्राच्या जुन्या पेट्रोल जीप असोत किंवा कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी असो, बॉनेट उघडलं की केटरिंगच. सत्तरच्या दशकात पॉइंटची जागा इलेक्ट्रॉनिक्स घेऊ लागलं, पण कॉइलचं तत्त्व तेच राहिलं.

इग्निशन सुधारलं तरी गाडी चालू करायला हँडल मारावंच लागे. जुन्या जीपला हँडल मारणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो अंगठा कुठे ठेवायचा याचा. हँडलला विळखा घालायचा नाही, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा. कारण ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा झटका देतं आणि मनगट मोडतं. लेलँडच्या ओळखीचा बायरन कार्टर नावाचा एक गाड्या बनवणारा गृहस्थ होता. हँडलच्या अशाच फटक्याने तो जखमी झाला आणि त्यातून १९०८ मध्ये त्याचा मृत्यू झाला. लेलँडने हँडल घालवायचंच मनावर घेतलं.

विजेच्या मोटरने इंजिन फिरवायची कल्पना आधी अनेकांना सुचली होती. पण हिशेब केला की मोटर आणि बॅटरी गाडीला न पेलणारी येई. केटरिंगने इथे गल्ल्याची युक्ती लावली. इंजिन पकडेपर्यंत काही सेकंदच तर जोर हवा. मोटर छोटी घ्या, तिला क्षणभर राबवा. इंजिन चालू झालं की तीच मोटर जनरेटर होऊन बॅटरी भरेल आणि त्याच बॅटरीवर दिवे आणि इग्निशन चालेल. सुरुवात, दिवे आणि ठिणगी हे तीन सुटे प्रश्न त्याने एका बॅटरीला बांधले. १९१२ च्या मॉडेलची कॅडिलॅक सेल्फ-स्टार्टर घेऊन आली. आपण सेल्फ मारला म्हणतो, तो सेल्फ हाच.

हँडल मारण्याची ताकद नसणाऱ्यांना, विशेषतः बायकांना, आता पेट्रोलची गाडी एकट्याने बाहेर काढता येऊ लागली. तोटा झाला तो त्या काळच्या इलेक्ट्रिक गाड्यांचा. हँडल मारावं लागत नाही हे त्यांचं मोठं आकर्षण होतं, तेच गेलं. शंभर वर्षांनी त्या परत आल्यात, पण तो वेगळा विषय.

केटरिंग शेतावर वाढलेला होता हे त्याच्या पुढच्या कामात दिसतं. १९१६ मध्ये डेल्को-लाइट नावाचा संच बाजारात आला. छोटं इंजिन, जनरेटर आणि ३२ व्होल्टच्या बॅटऱ्या. शहरातली वीज जिथे पोचत नव्हती अशा शेतघरांत यावर दिवे लागू लागले, पाण्याचे पंप चालू लागले. शिरूर-दौंडकडे भारनियमनाची वर्षं ज्यांनी काढली, रात्री दोनला लाइट येते म्हणून बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जे उसात गेले, त्यांना या संचाची किंमत वेगळी समजवायला नको.

त्याच वर्षी डेल्को विकली गेली आणि पुढे जनरल मोटर्समध्ये सामील झाली. १९२० पासून केटरिंग तिथल्या संशोधनाचा प्रमुख होता, थेट १९४७ मध्ये निवृत्त होईपर्यंत. यशस्वी माणसांच्या चरित्रात अपयशाचं प्रकरण बहुधा सुरुवातीला असतं. केटरिंगचं सगळ्यात मोठं अपयश तो नावारूपाला आल्यानंतर आलं. रेडिएटर आणि पाणी नको, सिलिंडरला तांब्याचे पंख लावून हवेनेच इंजिन थंड करायचं, असं त्याने ठरवलं. १९२३ मध्ये अशी शेवरोले गाडी वाजतगाजत बाहेर आली. ७५९ गाड्या बनल्या, ग्राहकांच्या हाती शंभरेक पडल्या आणि तक्रारी सुरू झाल्या. कंपनीने गाड्या परत बोलावल्या. केटरिंग इतका खचला की त्याने राजीनामा देऊ केला. अध्यक्ष अल्फ्रेड स्लोनने तो घेतला नाही. माणूस वाया गेला नाही, पण तो प्रकल्प तिथेच संपला.

आणि मग ठिणगीचा हा माणूस वळला कुठे, तर जिला ठिणगीच लागत नाही त्या डिझेल इंजिनाकडे! हवा इतकी दाबायची की ती तापून इंधन आपोआप पेटतं. कॉइल नाही, पॉइंट नाही, कंडेन्सर नाही. १९२८ च्या सुमारास त्याने डिझेलवर चालणारी बोट घेतली आणि तिच्या इंजिनात डोकं घातलं. तेव्हाची डिझेल इंजिनं फार जड असत. केटरिंगच्या लोकांनी हलकं टू-स्ट्रोक डिझेल तयार केलं. त्याचा मुलगा यूजीनही याच कामात होता. हे इंजिन बसवलेली झेफर नावाची गाडी २६ मे १९३४ रोजी डेन्व्हरहून निघाली आणि वाटेत न थांबता, सोळाशेहून जास्त किलोमीटर अंतर सुमारे तेरा तासांत कापून शिकागोला पोचली. वाफेच्या इंजिनाचे दिवस भरल्याची ती खूण होती.

दौंडची पोरं हे वाचताना कान टवकारतील. पुणे-सोलापूर मार्गावरून मनमाडचा फाटा जिथे निघतो त्या जंक्शनवर डिझेल इंजिनांची धडधड ऐकतच ती मोठी झालीत. आपल्याकडची जुनी डिझेल इंजिनं बहुतेक आल्को घराण्यातली, फोर-स्ट्रोक. पण १९९९ पासून आलेली डब्ल्यूडीजी-४ मालिका टू-स्ट्रोक आहे, आणि तिच्या इंजिनाची वंशावळ मागे नेत गेलं की १९३० च्या दशकातल्या केटरिंगच्या प्रयोगशाळेत पोचतो. मामांच्या पेट्रोल जीपला शेडमध्ये बसवलं तेही डिझेलनेच.

इथपर्यंतचं सगळं कौतुकाचं झालं. आता जे मागे ठेवलं होतं ते सांगतो, कारण ते वगळून केटरिंगचं आयुष्य सांगणं म्हणजे जर्नलमध्ये चुकलेलं रीडिंग खोडून बरोबर लिहिण्यासारखं होईल.

बॅटरी इग्निशन आलं तेव्हा गाड्यांमध्ये नॉकिंगची तक्रार वाढली होती, म्हणजे चढावर इंजिनातून ठोकल्यासारखा आवाज. प्रतिस्पर्ध्यांनी बोट दाखवलं ते केटरिंगच्या इग्निशनकडे. त्याला हे लागलं. दोष ठिणगीचा नाही, हे त्याला सिद्ध करायचं होतं. त्याने थॉमस मिजली या तरुण इंजिनिअरला कामाला लावलं. नॉकिंग ठिणगी पडल्यानंतर होतं आणि ते इंधनाच्या गुणावर अवलंबून असतं, हे त्यांनी दाखवून दिलं. दोष अचूक शोधला. मग औषध शोधायला सुरुवात झाली. कित्येक पदार्थ पेट्रोलमध्ये घालून पाहिले. ९ डिसेंबर १९२१ रोजी शिशाचं एक संयुग सापडलं, टेट्राइथिल लेड. गॅलनला तीनेक मिलिलिटर घातलं की आवाज बंद.

अल्कोहोलनेही नॉकिंग थांबतं हे याच प्रयोगशाळेला माहीत होतं, त्याच्या चाचण्याही झाल्या होत्या. पण अल्कोहोल बरंच घालावं लागायचं. शिशाचं संयुग थोडंसं पुरायचं, स्वस्त पडायचं आणि त्यावर पेटंटचा हक्क मिळत होता. शिसं विषारी आहे हे जगाला शतकानुशतकं ठाऊक होतं. तरी १९२३ मध्ये डेटनमधल्या पंपावर त्याची विक्री सुरू झाली. १९२४ मध्ये त्यासाठी इथाइल नावाची कंपनी निघाली आणि तिचा पहिला अध्यक्ष होता केटरिंग. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतल्या एका रिफायनरीत हे संयुग बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. इतर ठिकाणीही माणसं दगावली. मिजलीला स्वतःला शिशाची बाधा झाली होती. १९२५ मध्ये विक्री थांबली, सरकारी परिषद भरली, तिथे केटरिंगने या इंधनाची बाजू मांडली. काही महिन्यांच्या पाहणीनंतर १९२६ मध्ये परवानगी परत मिळाली.

त्यानंतर जगभरच्या गाड्या कित्येक दशकं शिसं हवेत सोडत राहिल्या. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा काय परिणाम होतो, हे पुढे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. जगातला शेवटचा देश होता अल्जीरिया, तिथे हे पेट्रोल २०२१ मध्ये बंद झालं. शोध लागल्यापासून शंभर वर्षांनी! फ्रिजमधला फ्रेऑन वायूही याच मिजलीचा, आणि त्या कामामागेही केटरिंग होता. त्याचं पुढे ओझोनला काय झालं ते आपण पर्यावरणाच्या पेपराला लिहितोच.

गंमत अशी की तेव्हा मागे पडलेलं अल्कोहोल आज आपल्या टाकीत आहे. देशात २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं प्रमाण गाठलं गेलं, आणि आपल्या राज्यात ते मुख्यतः उसापासून बनतं. भीमा आणि घोड नद्यांच्या काठचा ऊस आता चहात जातो आणि गाडीतही. जुन्या गाडीवाल्यांनी मात्र एक लक्षात ठेवावं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि जुन्या रबरी नळ्यांना ते सोसत नाही. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा, नाहीतर ठिणगी निळी असूनही ती चालू होणार नाही.

केटरिंगने आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात बराच पैसा वैद्यकीय संशोधनाला दिला. १९४५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्लोन-केटरिंग कर्करोग संशोधन संस्था उभी राहिली. पुढच्याच वर्षी त्याची पत्नी ऑलिव्ह कर्करोगाने गेली. तो स्वतः २५ नोव्हेंबर १९५८ रोजी, ८२ व्या वर्षी वारला. फ्लिंट शहरात विद्यार्थ्यांना आलटून पालटून कारखान्यात आणि वर्गात शिकवणारं एक कॉलेज आहे, १९९८ पासून त्याला केटरिंग युनिव्हर्सिटी असं नाव आहे. खांब रोवत शिकलेल्या माणसाला हे नाव शोभतं.

या माणसाला हिरो म्हणायचं की गुन्हेगार, यावर आमच्या विंगमध्ये एक रात्र वाद झाला, निकाल लागला नाही. मला एवढं दिसतं की करंट कुठे अडलाय हे शोधण्यात त्याचा हात धरणारा नव्हता. नॉकिंगचं कारणही त्याने त्याच शिस्तीने शोधलं. पण उपाय सापडल्यावर त्याची तपासणी सिलिंडरपाशी थांबली. सायलेन्सरमधून बाहेर काय पडतंय आणि ते कोणाच्या नाकात जातंय, हा टप्पा त्याने मोजलाच नाही. आपल्या आकृतीतही चौथ्या प्लगनंतर काही नसतं. आपल्यातले काही जण उद्या रांजणगावच्या किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत कामाला लागतील, तिथे चिमण्या आहेत आणि सांडपाण्याचे नाले आहेत. मशीन चालू झालं की सुपरवायझर सही मागेल. सही करण्याआधी प्लगच्या पुढचं थोडं बघून या.